नंबर बावीसचा कॉर्सेट

मी कॉर्सेट बोलतोय, बायका कमरेला बांधतात तो. लगेच नाक मुरडू नका! माझं नाव काढलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. पलंगाचा खांब धरून उभी असलेली नाजूक बाई, तिच्या पाठीत गुडघा रोवून नाडी ओढणारी दासी, आणि मग धाडकन चक्कर. अहो, मी ज्या घरात नांदलो तिथे दासी नव्हती आणि खांबांचा पलंगही नव्हता.

माझा जन्म इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ बंदराच्या गावी, एका कारखान्यात झाला. जाड राखाडी सुती कापड, त्यात पोलादाच्या पट्ट्या, पुढे अडकवायचे आकडे, मागे नाडी ओवायची छिद्रं. आत अस्तरावर शिक्का बसला, 'बावीस'. हा आकडा पुढे माझ्या जिवावर बेतेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मला घेतलं कीझियाने. ती बंदराजवळच्या धुलाईघरात इस्त्री करायची. तिची कंबर पंचवीस इंचांची, आणि तरी तिने बावीसचाच मागितला, कारण आमच्यात रीतच तशी. शिक्क्यावरचं माप मागच्या दोन्ही कडा भिडवून धरलेलं असतं. घालताना मात्र कोणी त्या भिडवत नाही, मध्ये चार बोटं फट सोडतात. सकाळी कीझिया मला स्वतःच घालायची, पुढचे आकडे लावायची, हात मागे नेऊन नाडी बेताने ओढायची आणि कामाला लागायची. जड घागऱ्याचा आणि परकरांचा भार मी पेलायचो, छातीला आधार द्यायचो, दिवसभर वाकणारी तिची पाठ सांभाळायचो. मला या कामाचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू!

त्या वर्षी धुलाईघरात रबरी नळीने गॅस जोडलेल्या नव्या इस्त्र्या आल्या. थोड्याच दिवसांत कीझियाचं डोकं दुखायला लागलं आणि एका दुपारी ती टेबलापाशीच कोसळली.

तिचा नवरा जेथ्रो गोदीत सुतार होता. मनाने लोण्यासारखा, पण एकदा डोक्यात काही शिरलं की निघायचं नाव नाही. त्याच आठवड्यात त्याने चर्चच्या सभागृहात कॉर्सेटविरुद्ध कुणाचं तरी भाषण ऐकलं होतं. फळ्यावर दबलेल्या बरगड्यांचं चित्र होतं म्हणे. घरी येऊन त्याने मला उलटा केला आणि शिक्का वाचला.

"बावीस! अगं, तू पंचवीसची आणि हा बावीसचा! तीन इंच कुठे कोंबतेस, काळजात?"

"अहो, मागे फट असते," कीझिया कपाळ दाबत म्हणाली. "तो आकडा काही माझ्या कमरेचा नाही."

"मग काय दुकानदाराच्या कमरेचा?"

"तुम्हाला सुतारकी कळते, तेवढी पुरे!"

पण तो ऐकेना. त्याचे डोळे भरून आले. "मला तू हवीस गं, तुझी कंबर नको," असं म्हणाला, तेव्हा तिने वाद सोडला. मला खुंटीवर टांगलं. कीझिया माझ्याशिवाय कामाला जाऊ लागली. घागऱ्याच्या नाड्या कमरेत रुतायच्या, पाठ धरायची, आणि डोकं ठणकायचं ते ठणकायचंच. जेथ्रो म्हणायचा, "मुरलेलं दुखणं आहे, निघायला वेळ लागणार. याला जाळून टाकल्याशिवाय जाणार नाही." तिचा चेहरा दिवसेंदिवस राखेसारखा होत चालला होता आणि मी खुंटीवरून नुसता बघत होतो. मला जाळतील याची भीती होतीच. पण मला जाळूनही ही वाचणार नाही, याची भीती जास्त होती.

शेवटी जेथ्रोने मला कागदात गुंडाळलं. घरच्या चुलीत पट्ट्या जळणार नाहीत, म्हणून निघाला थेट धुलाईघराच्या भट्टीत घालायला. वाटेत बायकोच्या टेबलापाशी थांबला. खिडक्या सगळ्या बंद, कारण बाहेरची काजळी धुतलेल्या सदऱ्यांवर बसली की मालकीणबाई आकाशपाताळ एक करायच्या. जेथ्रो माझ्यावर तोंडसुख घेत बराच वेळ तिथेच उभा राहिला. मग त्याचा आवाज जड झाला, पाय लटपटले, आणि माझ्यासकट तो कपड्यांच्या टोपलीत बसला.

शेजारच्या टेबलावर इस्त्री करणारी लव्हडे खो खो हसली. "काय हो जेथ्रो, तुम्हीही घट्ट बांधून आलात की काय?"

हसता हसता तीच थांबली. जेथ्रोच्या कमरेला तर साधा चामड्याचा पट्टा होता, तोही सैल. कीझियाने नवऱ्याकडे पाहिलं, मग इस्त्रीच्या रबरी नळीकडे. वाकून वास घेतला.

"गॅस!" ती ओरडली. "लव्हडे, तोटी बंद कर! खिडक्या उघडा सगळ्या!"

खाडखाड खिडक्या उघडल्या. समुद्राचा गार वारा आत घुसला. पांढऱ्या सदऱ्यांवर काजळी बसली, मालकीणबाई धावत आल्या, पण चिरलेली नळी पाहून त्यांनी स्वतःच दारही सताड उघडलं. टोपलीत पडल्या पडल्या मी सुटकेचा असा निःश्वास टाकला की काय सांगू! कीझिया वाचणार होती.

नळ्या बदलल्या, तिची डोकेदुखी गेली. तिने मला पुन्हा अंगावर चढवलं तेव्हा जेथ्रो ओशाळून मागे उभा होता. त्याने हळूच माझ्या दोन कडांमधल्या फटीत हात ठेवला. त्याचा राकट पंजा तिथे आरामात मावला.

"श्वास घे बघू," तो म्हणाला.

तिने घेतला, पोटभर.

आता मी म्हातारा झालोय. कापड विरलं, दोन पट्ट्या परसातल्या घेवड्याच्या वेलांना आधार देतायत, आणि उरलेला मी कपाटाच्या तळाशी निवांत पडलोय. आमच्यातल्या एखाद्यात कुणी हौसेने कंबर आवळून घेतलीही असेल, नाही कशाला म्हणू? पण एक विनवणी आहे. एखादी बाई कोसळली, तर तिने काय घातलंय ते नंतर बघा. आधी खिडकी उघडा.