दुपारी भाजलेला पाव

बेकरीवरून जाताना माझी पावलं आजही अडखळतात. नातवंडं हात ओढतात, "आजी, चल ना," आणि मी आपली तिथेच उभी. भाजत आलेल्या पावाचा वास हा माझ्या आईचा वास आहे. आणि दैवाची चेष्टा अशी, की आमच्या घरात तो वास फक्त तिलाच येत नसे.

एका वाईट तापात तिचं नाक गेलं. ताप उतरला, वास काही परत आला नाही. तोवर मोठ्या बेकरीत तिचा शब्द चालायचा. भट्टीपाशी उभी राहून नुसत्या वासावर ती सांगायची, "काढा आता." मग एके दिवशी ती पाठ करून पीठ मळत राहिली आणि मागे अख्खी खेप जळून कोळसा झाली. मालकाने तिच्या हातावर नारळ ठेवला.

बाबा नव्हते. मी कापडाच्या दुकानात नुकती लागले होते, त्यामुळे घर चालत होतं. पण आई खचली. सवयीने पहाटे उठायची आणि रिकामे हात मांडीवर घेऊन ओट्याशी बसून राहायची. ते हात मला बघवत नसत.

अशात तो गृहस्थ दारात उगवला. गुळगुळीत बोलणं, चकचकीत बूट आणि अंगाला असं अत्तर, की मी शिंकून शिंकून हैराण. बोलता बोलता त्याने रुमाल काढला आणि आईच्या नाकासमोर झटकला. आई ढिम्म. तो खूश होऊन हसला.

"बाई, तुमच्या हातचा पाव मी लहानपणापासून खातोय. नवी बेकरी काढलीय. मला तुम्हीच हव्यात."

तो आईपेक्षा थोराड दिसत होता, पण कौतुक ऐकताना वय कोण मोजतं! पगार आधीपेक्षा जास्त होता. अट एकच: सकाळपासून संध्याकाळपर्यंत भट्टी थंड पडता कामा नये, मग पाव खपो न खपो. आणि मागच्या खोलीत जायचं नाही, तिथे कोठार आहे.

आई पुन्हा माणसात आली. नाकाची कसर तिने कानाने भरून काढली. पाव उलटा करून बोटाने टकटक करायची. पोकळ आवाज आला की झाला. घरी आली की बाही माझ्या नाकाशी धरायची.

"सांग, कसा येतोय?"

"मस्त."

हे ऐकल्याशिवाय ती जेवायला बसत नसे.

एका सकाळी मी तिची लोकरी शाल घडी करायला घेतली. रात्रभरात पावाचा वास विरून गेला होता आणि त्याच्याखालून दुसराच वर आला होता. आंबूस, उग्र. दारूचा. त्यात शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, "आई बरी आहे ना गं तुझी? नाही, सकाळी जवळून गेली, म्हणून आपलं विचारलं." काकूंचं आपलं विचारणं म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर.

मी शाल पिशवीत घातली आणि तडक मामाकडे गेले. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. उभी हयात गुप्त पोलिसात गेलेली. निवृत्त झाल्यापासून कुणाचं मांजर हरवलं तरी त्याच्या अंगात यायचं. त्याने शाल उलटसुलट हुंगली.

"ही तिथे कुठे टांगते ती?"

"मागच्या खोलीच्या दाराला खुंटी आहे. तिथे."

"हं. पिणाऱ्याच्या तोंडाला वास येतो. हिच्या गळ्याशी काही नाही, सगळा पाठीला. माझी बहीण पीत नाही गं, तिची शाल पितेय!"

मला तेव्हा हसू आलं, आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी मामा गिऱ्हाईक बनून दुपारी बेकरीत जाऊन आला. परतला तो तोंड पाडून.

"दाराशी उभा राहून श्वानासारखं हुंगलं. पावाशिवाय काही म्हणता काही नाही. पण साखरेची पोती मागे जाताना बघितली, आणि पाव खाल्ला तर तो गोड नाही. बरं, मला सांग, भर दुपारी पाव घ्यायला कोण येतं?"

"कुणी नाही."

"मग दुपारी भाजतात कशाला?"

त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला. "चिमणे, उद्या कामावर जायचं नाही."

"का म्हणून, दादा?"

"मी सांगतो म्हणून."

आईने गाल फुगवले, पण थोरल्या भावाचा शब्द मोडला नाही.

आईला ताप आहे, हा निरोप घेऊन सकाळी मीच गेले. अत्तरवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. "दुपारपुरती तरी पाठव गं! गाडी पाठवतो." मी नाही म्हटल्यावर त्याने स्वतःच बाह्या सरसावल्या. नाचता येईना अंगण वाकडं, तसं त्याचं चाललं होतं. कधी पिठाला शिव्या, कधी भट्टीला. काळा धूर तेवढा निघाला. मामा आणि मी समोरच्या बाकावर बसून होतो. ऊन चढलं तसा गल्लीत आंबूस भपकारा सुटला. रोज त्या दारावरून जाणारी माणसं नाकाला रुमाल लावून एकमेकांना विचारू लागली, काय मेलंय इथे?

मामा उठला. त्याच्या जुन्या कचेरीतली माणसं कोपऱ्यावर तयारच होती. मागच्या खोलीत कोठार नव्हतं. चोरटी दारू गाळायची पिंपं आणि नळ्या होत्या. अत्तरवाला शेवटपर्यंत म्हणत होता, "कसला वास? मला तर येत नाही!" ते बहुधा खरंच असावं. रोज त्यातच वावरून त्याचंही नाक मेलं होतं. म्हणून तर खुंटीवरची शाल त्याच्या ध्यानात आली नाही.

इथवर सगळं सोपं होतं. अवघड होतं ते आईला सांगणं.

मामाने काहीही न लपवता सांगितलं. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझं नाक गेलंय म्हणून मला घेतलं. हाताची चव वगैरे सगळी थाप."

"हो," मामा म्हणाला. "नाकासाठीच आला होता तो."

मला मामाचा असा संताप आला! या एका बाईपाशी थोडं खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? आईचे हात पुन्हा मांडीवर येऊन पडले होते.

"आणि माझा पाव, दादा? त्यालाही तसलाच घाण वास येत असेल ना? लोक काय म्हणत असतील!"

"वेडी आहेस का तू?" मामा खेकसला. "वास न येणारी माणसं त्याला पैशाला पासरी मिळाली असती. मी त्या दाराशी उभा होतो, मी! जन्मभर चोर हुंगले या नाकाने. तुझ्या पावापुढे मला दुसरं काही आलं नाही. आज तू नव्हतीस, तर दुपार व्हायच्या आत गल्ली बोंबलली. एवढी दारू इतके महिने झाकली कुणी? तुझ्या गेलेल्या नाकाने?"

आईने माझ्याकडे बघितलं. मामाच्या बोलण्यावर नव्हे, माझ्या नाकावर तिचा भरवसा होता.

"खरं गं?"

"खरं, आई."

तेव्हा कुठे ती रडली.

पुढे जागेच्या मालकिणीने ती बेकरी आईलाच चालवायला दिली. हात थकेपर्यंत आईने ती चालवली. पहिली खेप निघाली की रोज हाक यायची, "ये गं, सांग, कसा येतोय?" मी कामाला जाता जाता वाकडी वाट करून सांगायची.

आता विचारणारं कुणी नाही. बेकरीसमोर उभी राहून मी आपणहूनच सांगते, "मस्त येतोय, आई." नातवंडं म्हणतात, आजी एकटीच बोलते. बोलते खरी.