मामाची मांडी

“याचे केस कोनं काढले?”

रुख्मिणीचा आवाज दवाखान्याच्या व्हरांड्यात असा फुटला, की औषधाच्या खिडकीपाशी उभी असलेली माणसं माना वळवून पाहू लागली. आपरेशनच्या खोलीतून आया राजव्वा दासूला खांद्यावर टाकून बाहेर आली होती. अडीच वर्षांचं लेकरू भुलीत लोळागोळा झालेलं. डाव्या कानाच्या वर पांढरी पट्टी. आणि बाकीचं सगळं डोकं सोललेल्या नारळासारखं सफाचट.

“कोनं काढले म्हन्ते मी!”

“एम कादम्मा,” राजव्वा म्हणाली. काही होत नाही बाई, पुन्हा येतात केस, असं तेलुगूत समजावून ती हसलीसुद्धा. हसली तिथंच चुकली.

रुख्मिणी कशी बाई होती, हे तिच्या तलमडुगू गावात कुणालाही विचारावं. नवऱ्याच्या बरोबरीनं वांगी, मेथी, चवळी पिकवायची आणि आदिलाबादच्या बाजारात गोणपाट अंथरून विकायची. शेजारच्या बाया “आवो ताई, आवो माय” करून गिऱ्हाइकाचा पदर ओढत. ही गप्प बसायची. माल बोलतो, मी कायले बोलू, म्हणायची. बाजारात एवढी वर्षं बसली, पण तिचा आवाज पलीकडच्या गोणपाटावर कधी गेला नव्हता. त्या दिवशी तो रस्त्यावर गेला. सायकलवाले थांबले.

आता केसांचं एवढं काय, असं ज्याला वाटत असेल त्यानं जरा मागं यावं.

दासू जन्मला तो निळा पडून. रडेना. सुईण उलटं धरून पाठीवर थापट्या मारत होती, आणि बाजेवर पडल्या पडल्या रुख्मिणीनं माहूरच्या रेणुकामातेला हाक घातली होती, “आई, हे लेकरू मले दे. तुह्या दारात आनल्याबिगर याच्या डोक्याले लोखंड लावनार नाई.” लेकरू रडलं. म्हणून त्याचं नाव रेणुकादास. घरात दासू. यंदाच्या चैत्रात जावळ काढायचं ठरलं, तर मागच्या आश्विनात सासरे गेले. घरातलं माणूस गेलं की वर्षभर मंगलकार्य करायचं नाही. तेव्हा चैत्रातला बेत उन्हाळा ओलांडून पुढं गेला. दासूचे केस खांद्यावर आले. अनोळखी माणसं त्याला पोरगीच समजत.

आणि त्याच केसांत, कानाच्या वर, बोराएवढी गाठ होती. पावसाळा लागला तशी ती लाल झाली, दुखू लागली, ताप येऊ लागला. डॉक्टर म्हणाला, आता थांबायचं नाही. सकाळी आणा, संध्याकाळी घरी न्या.

रुख्मिणी अडाणी होती, हट्टी नव्हती. माहूरच्या आईला दुखणं कळतं, असं तिनं स्वतःच स्वतःला सांगितलं. चाकू लागू दे. फक्त एक मागणं डॉक्टरसमोर ठेवलं, आठ दिवस आधी, दोन्ही हात जोडून. डॉक्टरला मराठी नीट कळत नसे, म्हणून हिंदीत.

“साब, इसका जावळ माहूर का है. तुमको जितना लगता उतनाच निकालो. पर पयला हात लगते टैम उसके मामा को बुलाव. मामा के मांडी पे बैठा के काटो, और बाल हमारे हात में देव. बाकी का हम माहूर में करते.”

“अरे, क्यों नहीं!” डॉक्टर म्हणाला होता. “बुलाएँगे मामा को. सिस्टर, याद रखना.”

आणि शेजारी उभ्या सुगुणा सिस्टरनं मान हलवली होती. चांगली खालपर्यंत.

म्हणून तर मारोती आला होता. रुख्मिणीचा धाकटा भाऊ, बेल्लमपल्लीच्या कोळशाच्या खाणीत कामाला. रात्रीची पाळी करून गाडीनं, मग बसनं. बसस्टँडवरच्या नळाखाली अंग घासघासून धुतलं, तरी पापण्यांच्या कडांना काळी रेघ राहिलीच.

“काय साळेबुवा,” रुख्मिणीचे यजमान चंपतराव यांनी आल्याबरोबर त्याची थट्टाही केली होती, “आज काजळ घालून आले काय? भाच्याचं जावळ हाय का तुमचं लगन?”

“भाऊजी, तुमी हसा. मांडी पाहा माही. धोतर कोरं हाय.”

दासू तोवर भुकेनं रडून रडून दमला होता. पहाटेपासून पोटात थेंब जाऊ द्यायचा नाही असा हुकूम. मग सिस्टर आली, “अभी बुलाती मामा को” म्हणाली आणि लेकरू घेऊन गेली. दार लागलं. मारोती बाकावर मांडी घालून बसला, कोऱ्या धोतरावर नवा रुमाल पसरून, दाराकडं तोंड करून. चहा आणला तर तो म्हणाला, मांडी मोडली अन् तेवढ्यातच बोलावलं तर?

कुणी बोलावलं नाही.

आणि आता दासू बाहेर आला होता. मारोती जागचा उठला नाही. भाच्याच्या डोक्याकडं पाहत तो तसाच मांडी घालून बसून राहिला, रुमाल पसरलेला, आणि रुख्मिणीला भावाचा तो रुमाल पाहवेना. तिनं लेकरू राजव्वाच्या खांद्यावरून ओढून घेतलं, भावाच्या मांडीवर ठेवलं आणि पदर खोचला.

गलबला ऐकून डॉक्टर बाहेर आला. तोंडावरचं फडकं गळ्यात ओढलेलं.

“क्या हुआ? गाँठ पूरी निकल गई, जड से. बच्चा एकदम ठीक है. और तुम बाल के लिए रो रही हो?”

“रोऊन नाई राह्यले,” रुख्मिणी म्हणाली. “इचारून राह्यले.”

तिला हिंदी येत होती. सगळा बाजार ती हिंदीत करायची, तेलुगूतही करायची. पण आज तिनं भाषा बदलली नाही. समजून घ्यायचं असेल तर घ्या.

“तुमी म्हनलं होतं, मामाले बोलावतो. म्हनलं होतं का नाई?”

“अरे बाई, बच्चा हिल रहा था. वॉर्डबॉय ने पूरा साफ कर दिया, अच्छा ही किया, जखम साफ रहती है. बाल तो आ जाते हैं.”

“येतील ना जी, येतील,” चंपतराव घाईघाईनं म्हणाले. “डॉक्टरसाब, तुमी मनावर घेऊ नका. बाईमानूस हाय.”

चंपतराव वाईट माणूस नव्हे, हे सांगायलाच पाहिजे. गावात कीर्तन असलं की महाराजांच्या मागं टाळ घेऊन उभं राहणारा, धृपद धरणारा, रात्र रात्र पाय न दुखणारा गृहस्थ. डॉक्टर आत गेल्यावर त्यांनी बायकोला बाजूला घेतलं.

“दासूची माय, आयक. लेकरू हाताला लागलं ना? देव काय केसाचा भुकेला हाय? महाराज काय सांगतात, देव भावाचा भुकेला.”

“भावच नेला त्याईनं झाडून!” रुख्मिणी म्हणाली. “अन् तुमी! कीर्तनात महाराजाच्या मांगं उभे राह्यता, ते म्हन्तील त्याची री ओढता. ते शोभते तिथं. इथं बी तेच? डागदर म्हने येतील, तुमी म्हना येतील येतील! मानूस हाय का टाळ?”

चंपतरावांनी मान खाली घातली. देव भावाचा भुकेला, हे अगदी खरं. पण भाव ठेवायला गरिबाच्या हाताला काहीतरी लागतं, एखादं फूल, मूठभर तांदूळ, लेकराची एक बट. ते चंपतरावांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना मोठ्या माणसासमोर बोलता येत नव्हतं, इतकंच.

रुख्मिणी आत निघाली. तिनं माहूरच्या आईलाही सोडलं नाही. चालता चालता मनातून तिलाही बोललीच. तू तर पाहत होतीस ना? तुला तर दार आड येत नव्हतं?

सुगुणा सिस्टर ट्रेमधल्या कात्र्या पुसत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“सिस्टर, तुमाले लेकरं हायत?”

“है ना. दो लडके.”

“त्याइचं जावळ कुठं काढलं?”

सिस्टरला शब्द कळला. या जिल्ह्यात इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला तो कळतोच. तरी तिनं तो आपल्या भाषेत एकदा म्हणून पाहिला, “पुट्टु वेंट्रुकलु?”

“व्हय. तेच.”

“वेमुलवाडा. राजन्ना भगवान के पास.”

“कोनाच्या मांडीवर?”

सिस्टरचा हात थांबला.

“कोनाच्या मांडीवर बसवून काढलं, बाई?”

“मेरे भाई के.”

“मंग?” रुख्मिणी म्हणाली.

तेवढंच. सिस्टरनं हातातली कात्री ट्रेमध्ये ठेवली.

“याद था,” सिस्टर शेवटी म्हणाली. “झूठ नहीं बोलती. दरवाजे तक आई थी मैं. पर डॉक्टरसाब जल्दी में थे, दूसरे गाँव जाना था उनको. चिल्लाते वो. तो मैंने सोचा...”

विसरली असती तर रुख्मिणीनं सोडून दिलं असतं. विसरणं माणसाचं आहे. पण हिला आठवत होतं. आठवत असूनही ही दाराच्या आत उभी राहिली, आणि दाराच्या बाहेर तिचा भाऊ रुमाल पसरून.

“केस द्या मले.”

सिस्टरनं राजव्वाला हाक मारली. दोघी तेलुगूत हलक्या आवाजात बोलल्या. राजव्वा आता हसत नव्हती. तिनं मागच्या दाराकडं बोट केलं.

दवाखान्याच्या मागं भिंतीलगत खड्डा होता. पट्ट्या, कापूस, औषधाच्या बाटल्या, सगळं त्यात लोटून वर रॉकेल टाकून काडी लावलेली. जाळ कधीचा बसला होता. धूर तेवढा निघत होता, आणि त्या धुरात, बाकी कशाचाही येत नाही असा तो करपा वास. ओळखायला डोळे लागत नाहीत. रुख्मिणी काठावर उभी राहिली. वाकली नाही, उचकलं नाही. एक कोंबडी राखेत पाय मारत होती, तिला हाकललं. मग पदरानं नाक न झाकता तो वास संपेपर्यंत ती तिथं थांबली. लेकराचं जावळ असं एकटं जाऊ नये, कुणीतरी घरचं उभं असावं, म्हणून.

आत आली तेव्हा सिस्टर दारातच होती. काहीतरी बोलणार, तोच रुख्मिणी म्हणाली, “माफी मले नका मांगू. मांगायची तर माह्या भावाले मांगा. तो रातभर खानीत होता.”

सिस्टर खरंच व्हरांड्यात गेली. मारोतीसमोर उभी राहिली. काय बोलली ते रुख्मिणीनं ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतंच. मारोती फक्त “ठीक हाय, अक्का,” म्हणाला.

दुपार कलताना दासूनं डोळे उघडले. पाणी मागितलं. पेज प्याला, थोडी ओकला, पुन्हा प्याला. झोप यायला लागली की कानामागची बट बोटाला गुंडाळायची त्याची सवय. हात आपोआप वर गेला. गुळगुळीत डोक्यावरून बोटं फिरली, मागं गेली, खाली मानेपर्यंत आली. काही सापडेना. मग त्यानं मामाच्या शर्टाची बाही धरली आणि तीच पिळत झोपी गेला.

डॉक्टरनं जाताना पट्टी पाहिली, गोळ्या लिहून दिल्या, “देखो, कितना अच्छा है,” म्हणाला. रुख्मिणीनं नमस्कार केला. बरं केल्याचा नमस्कार ती बुडवणारी नव्हती. पण मान वाकवली नाही.

परतीच्या बसला गर्दी होती. मारोतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती, म्हणून तोही सोबत होता. खिडकीशी तो बसला, भाचा मांडीवर आडवा, पट्टीची बाजू छातीकडं. मध्ये रुख्मिणी, कडेला चंपतराव. बस वळली तसं तिरपं ऊन सरळ आत आलं.

मध्येच एका फाट्यावर एक म्हातारी चढली. डोईवर रिकामी टोपली, कपाळाला ठसठशीत कुंकू. दांडीला धरून उभी राहिली आणि तिची नजर दासूच्या डोक्यावर गेली. चेहरा उजळला.

“माहूरहून आले काय, माय? कसा गोजिरवाना दिसून राह्यला गोटा!” तिनं टोपली काखेत मारली आणि सुरकुतलेली ओंजळ पुढं केली. “जावळाचा परसाद दे मा थोडा. आईचा परसाद नाई म्हनू नये.”

चंपतरावांच्या ओठांवर ‘हो’ आलंच होतं. त्यांनी बायकोकडं पाहिलं आणि ओठ मिटले.

“परसाद नाई, माय,” रुख्मिणी म्हणाली. “माहूर घडलंच नाई. दवाखान्यात काढले. मामा दाराशी बसला होता, तरी कोनी बोलावलं नाई. काढले अन् जाळले.”

आवाज वर गेला नाही. पण पुढच्या बाकावरच्या दोन माणसांनी मागं वळून पाहिलं.

म्हातारीनं “अरेरे” केलं नाही. देवीची मर्जी, असंही म्हणाली नाही. तिची ओंजळ काही वेळ तशीच पुढं राहिली. मग तिनं एक हात मागं घेतला, दुसरा पालथा केला आणि ऊन व दासूचं उघडं डोकं यांच्या मधोमध धरला. पट्टीला लागणार नाही, इतका वर. बस खड्ड्यातून उसळली की हात हलायचा; ती पुन्हा सावली जागेवर आणायची.

रुख्मिणीचा राग तसूभरही उतरला नव्हता. ती नवऱ्याला म्हणाली, “उठा. बसू द्या त्याइले.”

चंपतराव उठून दांडीला धरून उभे राहिले.

म्हातारी बसली, टोपली पायांशी ठेवली, आणि रुख्मिणीच्या अंगावरून आडवा तो हात तिनं तसाच धरून ठेवला.