खडक सोडून आलेल्या क्रिक्या

गुनवोरने जाळं लावलं नाही, तिथून सगळं सुरू झालं.

गुनवोर आमच्या हावनेस गावच्या प्रार्थनाघराची देखरेख करायची. झाडलोट, मेणबत्त्या, बर्फ उपसणं, घंटा वाजवणं, सगळं तिच्याकडे. मी तिथे ऑर्गन वाजवते, त्यामुळे तिची-माझी रोजची ऊठबस. साठीला टेकलेली, रुंद हाडाची, तोंडाने फटकळ बाई. तिचा थोरला भाऊ आयलर्ट जन्मभर मच्छीमार बोटीवर तांडेल होता. आता बोट मुलाच्या ताब्यात होती आणि आयलर्टकडे उरली होती एक लहान होडी आणि दिवसभराची सवड. बहीणभावाची घरं समोरासमोर. सकाळी एकमेकांना दोन शब्द सुनावल्याशिवाय दोघांच्याही घशाखाली कॉफी उतरायची नाही.

आदल्या उन्हाळ्यात प्रार्थनाघराच्या खिडक्यांवर काही क्रिक्यांनी घरटी बांधली होती. क्रिक्या म्हणजे आमच्याकडचे काळ्या पायांचे लहान कुरव. स्वतःचंच नाव दिवसभर ओरडत बसतात. एरवी त्या समुद्रातल्या कड्यांवर राहायच्या, गावाशी त्यांचं काही देणंघेणं नसायचं. पण तो सगळा उन्हाळा भिंतीवर विष्ठेचे ओघळ, पायऱ्यांवर माशांचे काटे आणि वास. म्हणून व्यवस्थापक मंडळाने ठरवलं की त्या परत यायच्या आत भिंतीवर जाळं लावायचं. आयलर्ट त्या मंडळात होता आणि त्याला घाईही होती. त्याची नात सुनिवा हिचं लग्न जूनअखेरीला याच प्रार्थनाघरात ठरलं होतं. मार्चमध्ये त्याने जाळ्याचं गाठोडं बहिणीच्या दारात आणून टाकलं. ती "बघते" म्हणाली.

एप्रिल उजाडला तेव्हा गाठोडं तिथेच होतं आणि भिंतीवर क्रिक्याच क्रिक्या होत्या. आदल्या वर्षीच्या कितीतरी पट. खिडक्यांवर, पन्हळीवर, घंटेच्या खाली, अगदी दाराच्या माथ्यावरसुद्धा. चोचीतून चिखल आणि शेवाळ आणून त्यांनी बांधकाम काढलं. मी ऑर्गनचा सराव करायला बसले की मला माझेच सूर ऐकू येईनात.

आयलर्ट चिडला. मेच्या मध्यावर एका सकाळी तो धक्क्यावरची पाण्याची मोठी नळी खांद्यावर घेऊन आला. गुनवोर पायऱ्या घासत होती. मी आत जायच्या बेतात होते.

"अजून अंडं पडलेलं नाही," तो म्हणाला. "अंडं पडलं की नियमाने हात लावता येत नाही. आज लावता येतो. बाजूला हो."

मला वाटलं, आता खडाजंगी होणार. पण गुनवोरने झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाली, "धू खुशाल. पण आधी मला होडीने स्तापेनला ने. तिथून आल्यावर धू, मी स्वतः नळी धरते."

स्तापेन म्हणजे आमच्या खाडीच्या तोंडाशी असलेला मोठा खडक. या दोघांचे वडील वसंतात तिथे अंडी गोळा करायला जायचे. आयलर्ट लहान असताना त्याला कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली सोडायचे. नंतर तो मोठ्या बोटीवर गेला, दूरच्या पाण्यात रमला आणि स्तापेन मागे पडला. त्या अंगाला मासा नाही, मग जायचं कशाला, असं त्याचं म्हणणं.

तो कुरकुरला, पण होडी काढायला गेला. गुनवोर मला म्हणाली, "तूही चल. आम्ही दोघंच गेलो तर परत एकच येईल."

समुद्र त्या दिवशी तेलासारखा गुळगुळीत होता. खडकाजवळ पोचल्यावर आयलर्टने इंजिन बंद केलं आणि मान वर करून तो बराच वेळ बघत राहिला. त्याच्या लहानपणी इथे शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागायचं. आता होडीच्या बुडाला लागणारं पाणी ऐकू येत होतं. जिथे लोमवी पक्षी खांद्याला खांदा लावून उभे असायचे, पाठीने काळे आणि पोटाने पांढरे, त्या कपारी मोकळ्या पडल्या होत्या. क्रिक्यांच्या जुन्या घरट्यांचा चिखल खडकाला तेवढा चिकटून राहिला होता. खालच्या एका कपारीत समुद्रगरुड आरामात पंख साफ करत बसला होता.

खडकाच्या माथ्यावर मात्र गर्दी होती. बदकापेक्षा कितीतरी मोठे, पांढरेशुभ्र, पिवळट डोक्याचे पक्षी.

"हे कोण?" आयलर्टने विचारलं.

"सुला. दक्षिणेकडचे. आपल्या लहानपणी एकही नव्हता."

"आणि इथे खातात काय?"

"बांगडा. हल्ली इथे गळाला बांगडा लागतो, असं तूच नाही का सांगत हिंडत होतास?"

 आयलर्टने बाही वर सारून हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. मी कधी त्याला असं करताना पाहिलं नव्हतं.

"मे महिन्यात इथे हात ठेवता यायचा नाही," तो म्हणाला. "हाडं ठणकायची."

नंतर तोच बोलत राहिला, आमच्याकडे न बघता. लोडा हा बोटभर लांबीचा चरबीदार मासा, थंड पाण्यातला. थंड पाणी उत्तरेला सरकलं तसा लोडाही सरकला. बोटी डिझेल जाळून त्याच्यामागे जातात, पण पिल्लाला घास भरवायला येणाऱ्या पक्ष्याने किती लांब जावं? लोमवीला निदान खोल बुडी मारता येते. क्रिकीचं सगळं वरच्यावर. मासा पृष्ठभागावर आला तर तिचा, खाली गेला तर परक्याचा. हे सगळं त्याला ठाऊक होतं. मुलाशी, बोटीवरच्या सोबत्यांशी तो वर्षानुवर्षं हेच बोलत आला होता. फक्त मान वर करून खडकाकडे पाहिलं नव्हतं.

"गर्दी होती तोवर त्या गरुडाची छाती नव्हती," गुनवोर म्हणाली. "क्रिक्या विरळ झाल्या तसा तो रोज येऊन बसायला लागला. माणसांच्या वस्तीत तो येत नाही. म्हणून आल्यात आपल्याकडे."

"हे मार्चमध्ये का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतास, हिला शिडी चढायचा कंटाळा."

"तोही असणारच."

"होताच की," गुनवोर म्हणाली, आणि थर्मासमधली कॉफी तिने आधी त्याला ओतून दिली.

परत आल्यावर आयलर्टने नळी गुंडाळली आणि धक्क्यावर नेऊन ठेवली. कुणी विचारलं तर पाण्याला जोर नाही म्हणून सांगत होता.

लग्नाच्या दिवशी त्याने फाटकापासून दारापर्यंत जुनं शीड ताणून बांधलं, म्हणजे वऱ्हाडाच्या डोक्यावर काही पडायला नको. नवरीच्या आईचा चेहरा तरी उतरलेलाच होता. आत काही ऐकू येत नव्हतं. पाद्रीबाबा घसा ताणून बोलत होते. सुनिवाने "हो" म्हटलं ते त्यांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा म्हटलं, आणि ते तिसऱ्यांदा विचारायला वाकले तेव्हा पहिल्या बाकावरून आयलर्टचा तांडेलाचा आवाज आला, "हो म्हणाली ती. पुढे चला." सगळे हसले. सुनिवाची आईसुद्धा. मी जेवढ्या जोरात वाजवता येईल तेवढ्या जोरात ऑर्गन वाजवला.

जुलैत मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. नैर्ऋत्येचा उबदार वारा सुरू झाला तो थांबेचना. किनाऱ्याजवळचं पाणी तापलं आणि बारीक मासे खोल गेले. आई-बाप क्रिक्या सकाळी निघायच्या त्या संध्याकाळी रिकाम्या चोचीने यायच्या. पिल्लं आधी खूप ओरडली, मग ओरडेनाशी झाली. सकाळी पायऱ्यांवर ती पडलेली असायची, राखाडी कापसाच्या बोळ्यांसारखी. गुनवोर ती फावड्याने उचलायची. इतका गोंगाट सोसलेल्या गावाला ती शांतता सोसवेना. दुकानात लोक हळू आवाजात बोलायला लागले.

एके दिवशी मी पोचले तेव्हा फावडं आयलर्टच्या हातात होतं आणि गुनवोर पायरीवर बसली होती. तिचे डोळे लाल होते.  त्यानंतर रोज तोच आला. पिल्लं तो बादलीत घालून ओहोटीच्या पाण्यात सोडून यायचा.

महिनाअखेरीस वारा फिरला आणि ईशान्येच्या वाऱ्याने जोर धरला. दोन दिवस समुद्र ढवळून निघाला. तिसऱ्या दिवशी आयलर्ट घाईने प्रार्थनाघरात आला आणि मला आणि गुनवोरला धक्क्यावर घेऊन गेला. पाणी गार आणि हिरवं झालं होतं. पृष्ठभागाखाली बारीक माशांच्या झुंडी चमकत होत्या आणि वर क्रिक्या बर्फ पडावा तशा उतरत होत्या. वाचलेल्या पिल्लांचा आवाज त्या रात्रीच वाढला. फार नव्हती, तिसरा हिस्सा असेल. ऑगस्टमध्ये ती उडाली.

हिवाळ्यात मंडळाची सभा भरली. यंदा तरी जाळं लावायचंच, असा सूर होता. कॉफीबरोबरचे वॉफल संपेपर्यंत आयलर्ट ऐकत राहिला, मग म्हणाला, दारावर लावा, बाकी भिंत राहू द्या. सर्वांत जास्त तक्रार तर तुझीच होती, असं कुणीतरी त्याला सुनावलं.

"अजूनही आहे," तो म्हणाला. "जूनमध्ये प्रार्थनेला मी यायचा नाही. सप्टेंबरात येईन, देवाचं काही ऐकू येईल तेव्हा."

त्याचा ठराव मंजूर झाला, पण एका मताच्या फरकाने. ज्यांनी विरोध केला ते अजून गुनवोरशी धड बोलत नाहीत.

मार्चमध्ये गुनवोरने दाराच्या माथ्यावर जाळं ठोकलं. आयलर्टने खाली शिडी धरली होती आणि खिळा वाकडा जातोय म्हणून सारखा टोचून बोलत होता. क्रिक्या त्या वर्षी थोड्या उशिरा आल्या, पण आल्या. मेमध्ये आम्ही तिघं पुन्हा स्तापेनला गेलो. सुला आणखी वाढले होते. लोमवींची मोजकीच जोडपी होती, सर्वांत आतल्या कपारीत, भिंतीला पाठ लावून उभी. आयलर्टने पाण्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढून पँटला पुसला.

"बरं गार आहे," तो म्हणाला.  गुनवोरने होडीच्या काठावरून वाकून स्वतःचाही हात पाण्यात घालून पाहिला.