लाल मुठीची पक्कड

"खिसे उलटे करून दाखवू का?"

फिटरकाका स्टुलावरून उठता उठता म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता, त्यामुळे माझं डोकं जास्तच तापलं.

"दाखवा की," मी म्हणालो.

आई दारातून ओरडली, "अरे, जीभ आवर! कोणाशी बोलतोयस?"

"ज्याने पक्कड उचलली त्याच्याशी."

काकांनी खरंच खिसे रिकामे केले. चष्म्याचं घर, घडीचा रुमाल, शिसपेन्सिलीचा तुकडा, गोळ्यांची पट्टी. त्यांचे हात थरथरतात ना, ती पट्टी फळीवर टकटक वाजत राहिली. मग आतलं पांढरं अस्तरही बाहेर ओढलं, दोन्ही बाजूंचं. आणि तसेच, लोंबते खिसे घेऊन, जिना चढून वर गेले.

मी म्हणालो, "नाटकं सगळी."

हे शुक्रवारी झालं. आज मंगळवार आहे. तेव्हापासून ते खाली आलेले नाहीत.

आमचं वर्कशॉप म्हणजे जिन्याखालची जागा. जुन्या दाराची फळी दोन लोखंडी घोड्यांवर टाकली, कडेला बोल्ट मारून वस्तू घट्ट धरायचा शेगडा बसवला, स्क्रूंसाठी पावडरचे रिकामे डबे, वर एक बल्ब. मी नववीतून शाळा सोडली. खरं म्हणजे सरांच्या अंगावर धावून गेलो आणि परत गेलो नाही. तेव्हा आई रडत होती, बाबा बोलत नव्हते, ताई म्हणत होती, "आता काय, मंत्री होणार?" वरच्या मजल्यावरचे फिटरकाका तेवढे म्हणाले, "रिकामा बसतोस तर ये, हा पंखा खोल."

काकांनी कारखान्यात पस्तीस वर्षं मशिनी दुरुस्त केल्या. आता त्यांच्या हातात स्क्रू टिकत नाही. "हात थरथरतो, तोंड नाही थरथरत," म्हणायचे आणि स्टुलावर बसून मला शिकवायचे. हत्यारंही त्यांचीच. एकेक करून पिशवीतून खाली आणली. सगळ्यात शेवटी लाल मुठीची, लांब चोचीची पक्कड. ती महिनाभर घरी ठेवून मग दिली. दिल्यावरसुद्धा रोज हातात घ्यायचे, दोनदा उघडमीट करायचे, परत टांगायचे. मी हे सगळं बघत होतो. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, अशी माझी घमेंड.

भिंतीवर प्लायचा बोर्ड आहे. प्रत्येक हत्यार त्यावर दाबून धरलं आणि भोवतीनं काळ्या रंगाची रेघ मारली. हत्यार काढलं की मागे त्याचा आकार रिकामा दिसतो. आयडिया काकांची, रेघा माझ्या. मला वाटलं, चोर पकडायला मस्त आहे. काका म्हणायचे, "झाकण लावायच्या आधी भिंत बघायची." मी हो हो करायचो.

गुरुवारी शेजारच्या नर्सबाईंचं कपडे धुवायचं मशीन ढकलत वर्कशॉपमध्ये आणलं. पट्टा तुटला होता. नवीन पट्टा चढवला, सैल वायर क्लिपमध्ये बसवली. नर्सबाई ओल्या कपड्यांचं बोचकं घेऊन डोक्यावर उभ्या. "झालं का रे? ड्यूटीला जायचंय." मी मागचं झाकण लावलं.

"भिंत बघितलीस?" काकांनी विचारलं.

"बघितली हो! किती वेळा तेच तेच!"

बघितली नव्हती.

संध्याकाळी बोर्डवर पकडीचा आकार रिकामा दिसला आणि माझ्या डोक्यात लगेच हिशेब जमला. दिली, मग जीव तुटला, म्हणून गुपचूप वर नेली. दुसऱ्या दिवशी काका येऊन बसतात न बसतात तोच मी सुरू झालो. "परत न्यायची होती तर सांगून न्यायची." पुढचं सांगितलंच.

आज सकाळी नर्सबाईंनी हाक मारली. मशीन कालपासून खडखडतंय, हात लावला की झिणझिण्या येतात, आणि आत्ता जरा धूर आला.

"तुम्ही कपडे कोंबता," मी म्हणालो. "गाढवाच्या पाठीवर तरी एवढं लादतात का?"

"बरं बाबा, चुकलं. बघ तरी."

प्लग काढला, झाकण खोललं. खाली तळाला पक्कड पडली होती. हादरे बसून बसून वायरवर घासली होती, वायरचं वरचं आवरण गेलेलं, आणि एक लाल मूठ वितळून वाकडी झालेली. ओल्या हातांनी बाई त्या मशीनला रोज हात लावत होत्या.

मला एकदम काकांचं बोलणं आठवलं. "डॉक्टर पोटात कात्री विसरला तर पेपरात येतं. आपण विसरलो तर धूर येतो. म्हणून भिंत बघायची." मी तेव्हा खदाखदा हसलो होतो. बोर्ड चोरासाठी नव्हताच. माझ्यासाठी होता.

बाई आत चहा टाकत होत्या. मी पक्कड खिशात घातली. वायर बदलली, दोनदा तपासली.

"काय झालं होतं रे?"

"वायर घासली होती. जुनं मशीन आहे ना."

"हुशार आहेस हो. काकांनी चांगलं तयार केलं तुला."

चहा न पिताच निघालो. खिशातली पक्कड मांडीला टोचत होती आणि मला वाटत होतं, रस्त्यावरच्या प्रत्येकाला ती दिसतेय.

घरी येऊन पक्कड बोर्डवर टांगली. बसेना. वितळलेल्या मुठीचा गोळा रेघेच्या बाहेर येतोय. तेवढ्यात ताई आली.

"सापडली? कुठे होती?"

"इथेच. फळीखाली."

"आणि मूठ कशी वितळली फळीखाली? भट्टी आहे का तिथे?"

"तुला काय करायचंय?"

"मला काही नाही करायचं, वर्कशॉपचे मालक. काकांना सांगितलंस का, एवढंच विचारतेय."

मी स्क्रूंचा डबा फळीवर आपटला. ती गेली. सगळे स्क्रू जमिनीवर. ते वेचत होतो तेव्हा काकू खाली आल्या, फिटरकाकांची बायको. एकेक पायरी, कठड्याला धरून. गुडघे दुखतात त्यांचे.

"त्यांचं स्टूल न्यायला आलेय रे."

"का?"

"खाली यायचं नाही म्हणतात." त्यांनी स्टुलावर हात ठेवला. "तुला राग यायचा नाही ना बाळा? ते चार दिवस पक्कड शोधतायत. कपाटं उपसली, गादीखाली बघितलं. म्हणतात, हात ऐकत नाहीत, आता डोकंही ऐकेनासं झालं असेल. उचलली असेल मी, आणि आठवत नसेल. रात्री झोपायच्या आधीही खिसे उलटे करून बघतात."

मी जमिनीवरच बसलेला. मुठीत स्क्रू. काकूंच्या मागेच भिंत, भिंतीवर पक्कड. त्यांनी मान वळवली असती तर दिसली असती. मला वाटत होतं त्यांनी वळवावी. म्हणजे मला बोलावं लागलं नसतं.

नाही वळवली.

"स्टूल राहू द्या," मी म्हणालो. "मी आणतो वर. तुम्ही व्हा पुढे."

"बरं," म्हणाल्या, आणि पुन्हा एकेक पायरी.

त्यांना वर पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात मी तीन वेळा वाक्य जुळवलं. "काका, पक्कड सापडली." हे खोटं आहे, सापडली म्हणजे ती हरवली होती असं वाटतं. "काका, चूक झाली." कुणाची? "काका, मी भिंत बघितली नव्हती." हे बरोबर आहे. एवढंच म्हटलं की त्यांना बाकी सगळं कळेल. नंतर नर्सबाईंकडेही जायचंय, पण आधी वर.

पक्कड काढली. बोर्डवर परत तो रिकामा आकार. एका हातात स्टूल, एका हातात पक्कड, या वेळी खिशात नाही. वरचं दार वाजलं, काकू पोचल्या वाटतं. जायला हवं मला आता.