एकोणीसशे पानांचा पाटकरी

भांडणाचं मूळ म्हणजे भिंतीवरचा कागद. बियाण्याच्या गोदामात दुपारी मोठ्यांचा वर्ग भरायचा आणि कोणी किती पानं वाचली त्याची यादी दर शनिवारी तिथल्या भिंतीला लागायची. या शनिवारी न्हावी नव्वदवर होता, फुलवाली एकशे चाळीसवर, पाटकऱ्याची बायको दोनशे बारावर. आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसला होता खुद्द पाटकरी. एकोणीसशे चार.

"एकोणीसशे?" बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली. "महिन्यापूर्वी क कुठला न् ख कुठला, ते मला विचारत होतात."

"तेव्हा मी तुला विचारत होतो," पाटकरी म्हणाला. "आता तू मला विचारत जा."

झालं. बाई जी भडकली ती घरी जाईस्तोवर शांत झाली नाही. यात काहीतरी लबाडी आहे, असं तिचं म्हणणं. यंत्र कधी खोटं बोलत नाही, असं त्याचं. आणि खोटं कशाला बोला, दोघांचंही बरोबर होतं.

पाटकरी म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा माणूस. कोणाच्या वावरात कधी पाणी सोडायचं न् कधी तोडायचं, हे एकतीस वर्षं त्याच्या डोक्यात होतं आणि कालव्याच्या दाराची चावी त्याच्या कमरेला. पण कालव्याच्या ऑफिसाचा नवा हुकूम आला. यापुढे पाळ्यांची यादी मोबाईलवर येणार, आणि ज्याला ती वाचता येईल त्याच्याकडेच चावी राहणार. महिन्याभराची मुदत दिली होती. नाही जमलं तर शहरातून शिकलेला माणूस येणार. आपण बांधावर उभं राहून बघायचं आणि दुसऱ्याच कोणीतरी येऊन दार उघडायचं, हा विचारच त्याला सोसवेना. दोन दिवस त्याने धड जेवण केलं नाही. तिसऱ्या दिवशी गोदामात जाऊन वर्गात बसला.

वर्गात सहा टॅब होते. गावकरी त्यांना काचपाट्या म्हणायचे. शिकवायला होती पाटकऱ्याचीच सून. आता सासऱ्याला शिकवायचं म्हणजे काय ताप असतो ते तिलाच विचारा. बाकीच्यांवर ती खेकसायची आणि सासऱ्यापाशी आली की आवाज खाली यायचा, "मामंजी, अजून एकदा बघता का?" मामंजी बघायचे. उलटं धरून बघायचे, तिरपं धरून बघायचे, पण त्यांना मुंग्यांच्या रांगेपलीकडे काही दिसायचं नाही. लहानपणी मास्तरने त्याला दगड ठरवून घरी पाठवलं होतं, ते त्याने निमूट मान्य केलं होतं. डोळ्यांचा संशय कोणालाच आला नाही, कारण कालव्याच्या त्या टोकाला बगळा बसला तरी याला इथून दिसायचा.

एका दुपारी तो कालव्याचं दार बंद करून तसाच वर्गात आला. हाताला चिखल होता. त्यातला एक ठिपका काचपाटीवर पडला. सून बघायच्या आत पुसावा म्हणून त्याने अंगठा न् बोट टेकवून तो दोन्हीकडे फासला, तर खालचं अक्षर फुगलं. त्याने परत फासलं, ते आणखी फुगलं. फुगत फुगत वांग्याएवढं झालं. आणि त्याला पोट होतं, शेपूट होतं, डोक्यावर रेघ होती. पाटकरी त्याच्याकडे बघत राहिला.

मग उठला, पोत्यांच्या मागे गेला आणि पोटभर रडला. सून घाबरून मागोमाग गेली तर डोळे पुसत म्हणाला, "अगं, मी दगड नव्हतो. अक्षरंच बारीक होती."

तिथून पुढे त्याला धरबंद राहिला नाही. एवढाल्या अक्षरांचा एका वेळी एकच शब्द काचेवर मावायचा, फार तर दोन. शब्द वाचला की पान सरकवायचं, पुढचा शब्द. सुनेने त्याला राजाच्या हरवलेल्या हत्तीची गोष्ट लावून दिली होती. ती घेऊन तो बांधावरून फिरायचा आणि कालव्यावरून हाळी द्यायच्या आवाजात वाचायचा. ऐन उन्हाळा, काळी माती भेगाळलेली, माणसं सावली सोडत नव्हती, पण पाटकऱ्याचा आवाज आला की माना वर व्हायच्या.

"हत्ती," तो ओरडायचा. पान सरकायचं. "कुठे." पान. "गेला."

"कुठे गेला?" पलीकडच्या वाफ्यातून फुलवाली ओरडून विचारायची.

"थांब की. पान बदलू दे."

अशाने चार दिवसांत सगळ्या शिवाराला हत्तीची काळजी लागली. पाणी भरता भरता लोक विचारू लागले, सापडला का. माहुतावर कोणाचा संशय होता, कोणाचा प्रधानावर. न्हाव्याने तर एका गिऱ्हाइकाची अर्धीच दाढी केली आणि बांधाकडे पळाला. आणि इकडे काचपाटी आपली इमानाने मोजत होती, एक सरकलं की एक पान. तो हिशेब आपोआप शहरात जायचा. शहरातून तो कालव्याच्या ऑफिसात गेला, आणि मुदत संपली त्या दिवशी साहेब स्वतः जीपमधून उतरले. एकोणीसशे पानं वाचणारा पाटकरी त्यांना डोळ्यांनी बघायचा होता.

साहेबांना गोदामात खुर्ची दिली. सगळा वर्ग भिंतीला टेकून उभा राहिला. साहेबांनी कौतुकाने विचारलं, कोणकोणती पुस्तकं वाचली?

"एकच, साहेब," पाटकरी म्हणाला. "तेही अर्धं झालंय."

साहेबांनी सुनेकडे बघितलं. खोटं बोलणं तिच्याच्याने होईना. पुस्तक चाळीस पानांचं आहे, हे तिने खाली मान घालून सांगितलं. साहेबांचा चेहरा असा उतरला की बघवेना. मग तो चढला. सरकारी ऑफिसची थट्टा लावलीय का, असं म्हणत त्यांनी खिशातून छापील कागद काढला. पुढच्या आठवड्याच्या पाळ्या. हा वाच, नाहीतर चावी टाक.

पाटकऱ्याने कागद हातात घेतला. परत त्याच मुंग्या. सगळं गाव बघत होतं, सून बघत होती, आणि बायकोकडे बघायची तर त्याची छातीच होईना. बोटांना इतक्या दिवसांची सवय. ती आपली आपण कागदावर टेकली आणि जोर लावून दोन्हीकडे सरकली.

टर्रकन कागद मधोमध फाटला.

आधी न्हाव्याच्या नाकातून हसू फुटलं, आणि ते फुटल्यावर कोण थांबतंय. फुलवाली पोत्यावर कोसळली, सुनेने तोंडात पदर कोंबला, साहेबांचा ड्रायव्हर दाराबाहेर जाऊन हसून आला. फक्त पाटकरी हसत नव्हता. दोन हातांत दोन तुकडे घेऊन तो उभा होता. ते त्याने खुर्चीच्या हातावर ठेवले आणि कमरेचा चावीचा दोरा सोडायला लागला. गाठ एकतीस वर्षांची, सुटता सुटेना.

"हात काढा त्या गाठीवरनं," बायको म्हणाली.

ती पुढे आली. नवऱ्याशी भांडायचा हक्क तिचा होता, तो ती साहेबाला थोडाच देणार.

"साहेब, यादी कशावर येणार?"

"मोबाईलवर."

"मग परीक्षा कागदावर कशाला? पाणी मोबाईलमधून सुटणार असेल तर मोबाईलच वाचायला द्या. तो नाही वाचता आला तर ही गाठ मी स्वतः सोडते."

साहेब म्हणाले, ही कामं कारकून बघतो आणि कारकून दोन आठवडे रजेवर आहे. पण सगळे वाट बघत होते. मग त्यांनी खिशातला मोबाईल काढला, हात लांब करून धरला, डोळे बारीक केले, मान मागे घेतली, पण त्यांना यादी काही मिळेना. शेवटी सुनेनेच ती काढून दिली आणि मोबाईल सासऱ्याच्या हातात ठेवला.

पाटकऱ्याने दोन बोटं टेकवली. अक्षरं फुगली. त्याने दम भरला आणि कालव्यावरच्या आवाजात सुरुवात केली.

"सोमवार. गवळी. सहा. ते. दहा."

"आहे," मागून गवळी म्हणाला.

"मंगळवार. सुतार. सहा. ते. दहा. मंगळवार. फुलवाली. सहा. ते. दहा. गुरुवार." आणि तो थांबला.

अडला, असं सगळ्यांना वाटलं. सून पुटपुटत जवळ सरकली. पण पाटकरी बोटाने पान मागे घेत होता, पुढे नेत होता, परत मागे.

"साहेब," तो म्हणाला, "मंगळवार दोनदा आलाय. बुधवार कुठे गेला?"

असं होणं शक्य नाही, मी स्वतः सही केलीय, म्हणत साहेबांनी मोबाईल घेतला. एवढाल्या अक्षरांत मंगळवार, आणि त्याच्याखाली पुन्हा मंगळवारच. सुतार आणि फुलवाली एकमेकांकडे बघायला लागले. मंगळवारी दोघं फावडी घेऊन एकाच पाण्यावर आले असते, आणि बुधवारी पाणी फुकट ओढ्याला गेलं असतं. साहेब चांगल्या स्वभावाचे असावेत. त्यांनी तिथल्या तिथे बुधवार करायला लावला आणि म्हणाले, "गाठ राहू दे. चावी तुमचीच."

गोदामात जो गलका झाला तो वेगळा सांगायला नको. बायकोने नवऱ्याच्या पाठीत एक धपाटा घातला, तो रागाचा नव्हता हे पाठीला बरोबर कळलं. ड्रायव्हरने जीप सुरू केली.

पण साहेब काही उठेनात. मोबाईलवर दोन बोटं टेकवून ते अक्षरं मोठी करत होते. एक जुना हुकूम वाचला, मान हलवली. दुसरा वाचला. दुसरा वाचताना त्यांचे ओठ हलायचे थांबले.

"काय झालं, साहेब?" पाटकऱ्याने विचारलं.

"माझी बदली झालीय," साहेब हळू म्हणाले. "डोंगरापलीकडच्या कालव्यावर. बारा दिवस झाले हुकूम येऊन. सोमवारी हजर व्हायचंय."

हसायला कोणाचं तोंड उघडलं नाही. पाटकऱ्याने बायकोला तांब्या आणायला खुणावलं आणि स्वतः एक पोतं ओढून साहेबांच्या शेजारी बसला.

"वाचायला लागलं की असली दुखणी मागे लागतातच, साहेब," तो म्हणाला. "पाणी प्या."