फळ्यावरची चौकट

मी तशी फटकळ बाई. वर्गात कुणी कुणाला चिडवलं की माझा पारा चढतो आणि टेबलावर पट्टी आपटल्याशिवाय उतरत नाही. या वर्षी ठरवलं, ओरडायचं नाही, गोष्टीतून शिकवायचं. म्हणून सातवीसाठी मुलांची एक छोटी कादंबरी आणली. मोठ्या डोळ्यांची, अबोल मुलगी नव्या शाळेत येते, वर्ग तिला 'घुबड' म्हणून छळतो आणि शेवटी एक मैत्रीण तिच्या बाजूने उभी राहते, अशी ती गोष्ट.

रोज शेवटच्या तासाला वाचन. प्रत्येकाला एक पात्र, त्याचं बोलणं त्यानेच वाचायचं. घुबडाला सगळ्यात जास्त वाक्यं होती, म्हणून ते पात्र मी हिरीला दिलं. हिरी वडिवळे धरणाच्या वरच्या ठाकरवाडीतली. एरवी तोंडातून शब्द निघणार नाही, पण पुस्तक हातात आलं की खिडकीबाहेर बघणारी पोरंही माना वळवतात. मला तिचा एवढा अभिमान, जणू मीच तिला बोलायला शिकवलं होतं.

फळ्याच्या कोपऱ्यात मी चौकट आखून पात्रं आणि नावं लिहिली. 'घुबड – हिरी' सगळ्यात वर. खाली सवयीने लिहिलं, 'पुसू नये'. आमच्या शाळेत हे दोन शब्द म्हणजे कायदाच. मुलांनी दहा दिवस बाकीचा फळा लख्ख पुसला आणि चौकट इमानाने राखली.

अकराव्या दिवशी हिरी आली नाही. आठवडा गेला तरी आली नाही. वर्गात विचारलं तर सगळ्यांच्या माना खाली. शेवटी पहिल्या बाकावरचा श्रीयश म्हणाला, "मॅडम, आम्ही तिला फक्त घुबड म्हणायचो. डबा खाताना वगैरे. फळ्यावर लिहिलंय तेच."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी स्कूटर काढली. धरणाच्या कडेने वाडीच्या पायथ्यापर्यंत, पुढे पायी. हिरी आणि तिची आई मंगल, दोघी खाचरात कापलेल्या भाताचे भारे बांधत होत्या. मंगलताईंनी काम थांबवून मला तांब्याभर पाणी दिलं. बोलल्या गोडच, पण आडपडदा न ठेवता.

"आमी घरात घुबडाचं नाव बी घेत न्हाई, मॅडम. आन् तुमी पोरीच्या नावाला चिकटवलंत. आता न्हाई ती यायची. माज्यासंगं मजुरीला यील."

"मी त्या पोरांना चांगली तंबी देते," मी म्हणाले. "पुन्हा कुणी चिडवणार नाही."

हिरीने भारा खाली ठेवला. "श्रीयश पयल्यांदा घुबडावानी घुमला ना, तवा तुमी बी हसला व्हता."

हसले होते. त्याने हुबेहूब आवाज काढला होता आणि मला हसू आवरलं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! इतकी लाज वाटली की हातातला तांब्या कुठे ठेवावा ते सुचेना.

"हसले खरी. चुकलं माझं, हिरी."

"त्ये हितं बोलताय तुमी," मंगलताई म्हणाल्या. "हसला व्हता तितं."

"तिथेही बोलते. सोमवारी दोघी या आणि ऐका."

सोमवारी त्या आल्या. मंगलताई चपला बाहेर काढून वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. मी आधी चौकट पुसली. मग वर्गाला सांगितलं, "हिरीला घुबड म्हणायला तुम्हाला मीच शिकवलं. फळ्यावर मी लिहिलं आणि श्रीयशने आवाज काढला तेव्हा मीही हसले. हिरी, मला माफ कर." श्रीयशचे कान लाल झाले. माझेही झाले असावेत.

"हे पुस्तक आता आपण बंद करू," मी म्हणाले.

"न्हाई," हिरी म्हणाली. "घुबडाचं मीच वाचनार. पन हसनाऱ्या पोरांचं तुमी वाचायचं."

तिने पान काढलं आणि उभी राहून वाचलं, "मला माझ्या नावाने हाक मारा."

पुढची ओळ माझी होती. तीन वेळा 'हा', बस्स. सतरा वर्षं मराठी शिकवणाऱ्या बाईला तेवढं वाचता येईना. वर्ग माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"वाचा ना, मॅडम," हिरी हळूच म्हणाली. "त्याबिगर माजं म्होरचं वाक्य कसं यील?"

मी वाचलं. कुणीही हसलं नाही. हिरीने पुढचं वाक्य खणखणीत वाचलं. ते संपेपर्यंत मंगलताई दारात थांबल्या, मग त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि मजुरीला एकट्याच निघाल्या.