बोचक्यासाठी खोली

धाकट्या सुनेला मुलगा झाला, त्याच सुमारास नातीला दूरच्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. एकाच आठवड्यात दोन चांगल्या बातम्या आल्या आणि त्या दोन्हींच्या कात्रीत आमचं कुत्रं सापडलं.

त्याचं नाव बोचकं. मी गवंडी. बारा वर्षांपूर्वी एका कामावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात ते मिळालं, तेव्हा तसंच दिसत होतं. आता नव्या बाळाला धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, घरात केसाळ जनावर नको. सून वाईट नव्हती, रडत रडतच म्हणाली, "आबा, आता ह्याचं काहीतरी बघा." नात थोरल्याची, पण माझ्याजवळच वाढलेली. ती म्हणाली, "बोचकं येणार असेल तर मी कॉलेजला जाते. नाहीतर राहू दे." प्रवेश पक्का करायची मुदत शनिवारपर्यंत. मंगळवारी आम्ही तिघं निघालो आणि तिथल्या माझ्या जुन्या मुकादमाच्या गोदामात पथारी टाकली.

त्या शहरात फाटकाफाटकावर खोल्यांच्या पाट्या. मी अक्षरं उशिरा शिकलो, नातीच्या पहिलीच्या पुस्तकात, तिच्याच शेजारी बसून. पाटी दिसली की वाचल्याशिवाय पाय पुढे जात नाही. खाली बारीक अक्षरात असायचं: पाळीव प्राणी नकोत.

खोल्या दाखवणारा एजंट म्हणाला, "आजोबा, कुत्र्याचं आधी कशाला काढता? एकदा सामान आत गेलं की मालक काय करतोय?"

"आणि भुंकलं तर?"

"आजोबांना खोकला आहे म्हणायचं."

पहिल्या घरी बाईंनी दाराची साखळीसुद्धा काढली नाही. दुसरीकडे कुत्रं चालणार होतं, पण गच्चीवर, उन्हात बांधून. तिसऱ्या मालकाकडे आधीच्या पोरांनी बोका ठेवला होता. त्याचा राग आमच्यावर निघाला. बुधवार संपेपर्यंत बोचक्याचे मागचे पाय गेले. मी त्याला काखेत घेतलं. मी सत्तरीचा, ते त्याच्या मानानं माझ्याहून म्हातारं. कोण कोणाला नेतंय ते बघणाऱ्यानं ठरवावं.

गुरुवारी चौथं घर. मालकानं बोचक्याच्या कानामागे खाजवलं आणि म्हणाला, "आणा की, मलाही सोबत होईल." नातीचा चेहरा दोन दिवसांनी सैल झाला. आणि माझा हात भिंतीकडे गेला. चाळीस वर्षांची खोड. नव्या घरात आधी बोटाचं पेर भिंतीवर वाजतं. ढप, ढप.

"मालक, गिलावा सुटलाय. आत पाणी मुरतंय."

त्यानं आठवड्यापूर्वीच रंग दिला होता. "तुम्ही राहायला आलात की तपासणीला?" म्हणून त्यानं दार लावलं.

जिन्यात एजंट म्हणाला, "असं पहिल्यांदाच बघतोय. त्यांना कुत्रं चालत होतं, तुम्ही चालला नाहीत."

कोणी हसलं नाही. नात चौकापर्यंत झपझप पुढे चालली. मग म्हणाली, "आबा, उद्या हात खिशात."

"बरं."

"आणि तोंड?"

"तेही."

शुक्रवारी एका निवृत्त नर्सबाईंकडे गेलो. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेरून जिना. बाईंनी बोचक्याला पेशंटसारखं तपासलं, हिरड्या, कान, गुडघे.

"भुंकायचं नाही, जिना घाण करायचा नाही, नखं वेळेवर कापायची."

"कोणाची?" नातीनं विचारलं.

"तिघांची."

वर गेलो. बाल्कनीच्या कठड्याला बुडाशी आडवी चीर होती. आतली सळई गंजून फुगलेली. हात न लावताही कळलं की हा कठडा भार घेणार नाही. नात माझ्याकडे बघत होती. माझे पाय दुखत होते आणि बोचकं जड लागत होतं. मी मोकळा हात खिशात घातला. एवढ्या वर्षांत भिंतीबद्दल मी खोटं बोललो नव्हतो. तसा त्या दिवशीही बोललो नाही, नुसता गप्प राहिलो. बाईंनी खोली दिली.

शनिवारी सकाळी नात प्रवेश पक्का करायला गेली. मी बाल्कनीला आडवा दोर बांधला, छिन्नी-हातोडी काढली आणि कठडा उतरवायला घेतला. आवाजानं बाई वर आल्या.

"हे काल दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर खोली दिली असतीत?"

बाईंनी विचार केला. "नसती. दुरुस्त होईपर्यंत कोणालाच दिली नसती."

"म्हणून."

"मिस्त्री, ह्या कठड्यावरून ओणवी होऊन मी रोज कपडे वाळत घालते. काल तुम्ही सामान आणायला गेलात तेव्हाही घातले."

छिन्नी हातातच राहिली. आता सामान परत बांधायचं, एवढंच डोक्यात होतं. बाई जिन्याच्या पायरीवर टेकल्या. बोचकं फरफटत गेलं आणि त्यांच्या पावलावर हनुवटी ठेवून झोपलं. बाईंनी पाऊल काढलं नाही.

कठड्याकडे बघत म्हणाल्या, "सिमेंट किती लागेल?"

"दोन पोती."

"आणि पुन्हा असं गप्प बसायचं नाही."

कठडा मी चार दिवसांत उभा केला. नातीला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी कमी बोलली. बोचकं दुपारी बाईंच्या पायरीवर पडून असायचं. तिसऱ्या वर्षी, नातीची शेवटची परीक्षा सुरू झाली त्या सोमवारी, ती पेपर लिहीत असताना, बोचकं त्याच पायरीवर मेलं.